मोटारीच्या पाठीवर

काही वस्तू अशा असतात, की त्या कामासाठी घडविलेल्या नाहीत हे त्यांच्याकडे पाहताक्षणीच कळते. चांदीच्या मुठीची काठी टेकण्यासाठी नसते. पैठणी नेसून कोणी धुण्याला बसत नाही. स्पोर्ट्स कार या नावाने जी ठेंगणी, चपळ, पुढे झेपावण्याच्या पवित्र्यात उभी असलेली मोटार ओळखली जाते, ती याच जातीची. तिचा सारा डौल तिच्या निरुपयोगीपणात आहे. ओझी वाहणारी मोटार उंच असते, रुंद असते, तिच्या चेहऱ्यावर कर्त्या माणसाचा सोशिकपणा असतो. हिच्या चेहऱ्यावर मात्र श्रीमंताघरच्या धाकट्या मुलाचा भाव असतो.

अशी एक मोटार मी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी घेतली. न्यू जर्सीत येऊन नोकरी करीत असल्याला पंचवीसांहून अधिक वर्षे लोटली होती, मुलीचे शिक्षण संपले होते, घराचे कर्ज फिटत आले होते. आणि आजवर वापरलेल्या सर्व मोटारी मी समंजसपणे, म्हणजेच मनाविरुद्ध, निवडल्या होत्या. ही पहिलीच मनाजोगी. जपानी बनावटीची, दोन दारांची, मागच्या चाकांनी धावणारी आणि रंगाने तांबडी. आत शिरताना आपण आसनावर बसत नसून आडात उतरत आहोत असे वाटते. चार माणसांची सोय आहे असे कागदोपत्री लिहिलेले आहे खरे. पण मागे बसणाऱ्यांना पाय असता कामा नयेत अशी तिची अट दिसते.

पत्नीने तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, डिकी उघडून पाहिली आणि मग म्हणाली, “छान आहे हो. पण हिच्यातून आणायचं काय?”

या प्रश्नाला मी तेव्हा हसून उत्तर दिले. वीस पौंडांची तांदळाची पिशवी, भाजी, दुधाचे डबे एवढे तिच्यात सहज मावत होते. आणि दोन माणसांच्या संसारात याहून अधिक आणायचे ते काय, असे मला वाटत होते. पुढे दीड वर्षांनी पत्नीच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तो प्रश्न मोठा होऊन परत आला.

शस्त्रक्रिया चांगली पार पडली. व्यायाम शिकविणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा तिला एका जागच्या सायकलीवर बसवीत. सायकलीवर शरीराचा भार बैठक सोसते आणि गुडघा नुसता फिरत राहतो. त्यायोगे सांधा मोकळा होतो आणि मांडीचे स्नायू परत बळकट होतात, असे त्यांनी समजावून सांगितले. तिसऱ्या महिन्यात त्या म्हणाल्या, आता खऱ्या सायकलीवर बसायला हरकत नाही. मात्र रस्ता सपाट हवा, आणि अचानक पाय टेकावा लागेल अशी गर्दी तेथे नको.

हे ऐकून पत्नीच्या मुद्रेवर जो भाव उमटला, तो मी पंचवीसएक वर्षांत पाहिला नव्हता. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते त्या काळातली ती आहे. महाविद्यालयाची सारी वर्षे तिने टिळक रस्त्यावरून सायकलीने ये-जा केली. साडीच्या निऱ्या दांडीत अडकू न देता चढण चढणे, उतरलेली साखळी बोटाला काळे लागू न देता बसविणे, या विद्या तिला येत होत्या. अमेरिकेत आल्यावर मोटार चालविण्याचा परवाना मिळाला आणि सायकल सुटली. सुटली म्हणून तिने कधी तक्रार केली नाही. पण तक्रार न करणे आणि न आठवणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मला त्या दिवशी तिच्याकडे पाहून कळले.

आम्ही दोन सायकली घेतल्या. मधली आडवी दांडी नसलेली, चढायला सोपी अशी एक तिच्यासाठी, आणि एक साधी माझ्यासाठी. आणि मग लक्षात आले, की चालवायच्या कोठे? आमच्या वसाहतीतून बाहेर पडणारा रस्ता रुंद आहे, गुळगुळीत आहे. पण त्याच्या कडेला पदपथ म्हणून नाही, आणि मोटारी तासाला पन्नास मैलांनी जातात. ज्या बाईचा गुडघा नुकताच जुळला आहे तिला या रस्त्यावर घालणे म्हणजे शस्त्रक्रियेचे पैसे पाण्यात घालणे. मनाजोगा रस्ता घरापासून अकरा मैलांवर होता : डेलावेअर आणि रॅरिटन कालव्याच्या काठची वाट.

या कालव्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. पेन्सिल्व्हेनियातला कोळसा न्यूयॉर्कच्या बाजूला पोहोचविण्यासाठी १८३० ते १८३४ या काळात तो खणला गेला. बॉर्डनटाउनपासून न्यू ब्रन्सविकपर्यंत मुख्य कालवा ४४ मैलांचा, आणि त्याला डेलावेअर नदीचे पाणी आणून देणारा पोटकालवा २२ मैलांचा. खणणारे मजूर बहुतेक आयर्लंडमधून आलेले. हत्यार म्हणजे कुदळ आणि फावडे. १८३२ साली पटकीची साथ आली आणि त्यांतले कित्येक कालव्याच्या काठीच पुरले गेले. पुढे आगगाडीने कालव्याचा धंदा हळूहळू काढून घेतला आणि १८३२ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९३२ च्या हंगामानंतर, तो बंद झाला. १९७४ साली त्याचे राज्य-उद्यान झाले. आता त्यातून नावा जात नाहीत. मध्य न्यू जर्सीतल्या लाखो लोकांचे पिण्याचे पाणी मात्र जाते, आणि त्याच्या काठाने माणसे चालतात, धावतात, सायकली फिरवितात. वाट सपाट आहे, कारण पाणी सपाट असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहून द्यावी अशीच ती वाट आहे.

अकरा मैल. आता तेथे सायकली न्यायच्या कशा? मागची आसने पाडून आणि पुढचे चाक काढून एक सायकल मोटारीत जाते असे प्रयोगान्ती आढळले. पण तिची मूठ चालकाशेजारच्या आसनापर्यंत येते. म्हणजे सायकल आत गेली की पत्नी बाहेर. पत्नी आत बसली की सायकल बाहेर. मी एकटा जाऊ शकत होतो. ज्या गुडघ्यासाठी हा सारा खटाटोप, तो गुडघा घरी ठेवून मी एकट्याने कालव्यावर हिंडून यावे, अशीच त्या मोटारीची रचना होती. आणि खरे सांगायचे तर ती मोटार घेताना माझ्याही मनात एकट्याचेच चित्र होते : पहाटेची वेळ, रिकामा रस्ता, वळणे आणि मी.

मुलीने दूरध्वनीवरून सोपा उपाय सांगितला, “बाबा, ती गाडी विका आणि एक मोठी घ्या.” यावर पत्नीच म्हणाली, “विकायची नाही. त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी स्वतःसाठी घेतलं आहे.” असल्या वेळी बायका नवऱ्याची बाजू घेतात त्यामुळे नवऱ्यावर फार मोठी जबाबदारी येऊन पडते. मोटार ठेवायची आणि दोन सायकली, दोन माणसे एका वेळी कालव्यावर पोहोचवायची, हे आता मला करून दाखविणे भाग होते.

मोटारीच्या बाहेर सायकल बांधण्याच्या जागा तीन. पहिली छप्पर. ठेंगण्या मोटारीच्या छपरावर सायकल चढविणे सोपे जाते, हा एक गुण. पण वर गेलेली सायकल सर्व वाटभर वाऱ्याशी भांडते, आणि तिचा धनी एक दिवस ती वर आहे हे विसरून आपल्याच गॅरेजच्या दारात शिरतो. असले अपघात इतके नेहमीचे आहेत की सायकलीच्या दुकानांत त्यावर विनोदही शिळे झाले आहेत. दुसरी जागा डिकीचे झाकण. झाकणाच्या कडांना आकडे अडकवून पट्ट्यांनी आवळायचा एक हलका सांगाडा मिळतो. तो स्वस्त आहे; परंतु पट्ट्या सैलावतात, रंगावर ओरखडे येतात, आणि आमच्या मोटारीच्या झाकणावर जे नखरेल पंख्यासारखे पाते आहे त्यावर तो टेकवावा कसा, हे त्या सांगाड्याच्या कारखानदारालाही सुचलेले नव्हते. राहिली तिसरी जागा, मोटारीची शेपटी. म्हणजे इकडे ज्याला हिच म्हणतात ते.

हिच म्हणजे काय हे ज्याने बैलगाडी पाहिली आहे त्याला समजावून सांगायला फार वेळ लागू नये. मोटारीच्या सांगाड्याला मागच्या बाजूने एक पोलादी आडवी तुळई बोल्टांनी जखडतात. तिच्या मध्यावर चौकोनी नळीचे एक तोंड मागे उघडे राहील असे ठेवलेले असते. या तोंडात जे सरकवाल ते मोटारीच्या मागे जोडले जाते, आणि निसटू नये म्हणून आरपार एक खुंटी घालतात. जुवातल्या शिवळेचेच हे लोखंडी भावंड. मुळात ही सोय मागे दुसरी गाडी ओढण्यासाठी. पण अमेरिकेत हजारो माणसे तिचा उपयोग केवळ सायकलींचा रॅक बसविण्यासाठी करतात. मोठ्या मोटारींना दोन इंची तोंड असते. लहान मोटारींसाठी असते ते सव्वा इंची, आणि त्याची खुंटी अर्ध्या इंचाची. आपल्याकडे देवापुढे सव्वा रुपया ठेवतात. तेव्हा हे माप ऐकून मला उगीचच शुभशकुन झाल्यासारखे वाटले.

शुभशकुन तेवढ्यावरच थांबला. कारण लहान व चपळ मोटारींच्या सूचनापुस्तिकांत पुष्कळदा जे वाक्य असते ते आमच्याही पुस्तिकेत होते : या मोटारीने काही ओढू नये, आणि तिच्या मागे हिच बसवून त्यावर काही वाहूही नये. मी ते वाक्य तीनदा वाचले. एकीकडे मोटारीचा कर्ता नको म्हणतो. दुसरीकडे हिचचा कारखानदार याच मोटारीच्या नावाने तुळई घडवून विकतो आणि तिच्यावर २०० पौंडांचा उभा भार चालेल असा शिक्का मारतो. दोघेही आपापल्या परीने जाणकार. अशा वेळी कोणाचे ऐकावे?

मी कागद घेऊन बसलो. रॅक ५० पौंडांचा, सायकली ३० पौंडांच्या दोन, एकूण ११०. शिक्क्यावरच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. पण नुसते वजन पाहून भागत नाही. हे ओझे मागच्या आसाच्याही मागे सुमारे साडेचार फुटांवर लोंबते, म्हणजे ती एक तरफ झाली. पुढचा आस आणि मागचा आस यांत अंतर साडेआठ फुटांच्या आतले. हिशेब केला तेव्हा दिसले, की या तरफेने पुढच्या चाकांवरचा सुमारे ६० पौंडांचा भार उचलला जाईल आणि मागच्या चाकांवर १७० च्या आसपास पडेल. म्हणजे पाय नसलेला एखादा सडपातळ माणूस मागच्या आसनावर बसावा तेवढे! एवढे ही मोटार सोसेल. फार तर पुढची चाके वळणावर किंचित हलकी लागतील. तर वळणे सावकाश घ्यावीत. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्या तरफेला हिसका देतो, म्हणून भार शिक्क्याच्या बराच आत ठेवावा. सव्वा इंची तोंडात दोन इंची रॅक बसविण्यासाठी जोडतुकडे मिळतात, ते घेऊ नयेत. कारण त्यांनी तरफ आणखी लांबते. आणि ओढावयाचे तर काहीही नाही, हातगाडीसुद्धा नाही. मोटारीच्या हमीवरून उद्या वाद निघाला तर तो आपला आपण सोसावा. एवढ्या अटी मी स्वतःला घातल्या आणि हिच मागविला. दुसऱ्याला हेच करा म्हणून मी सांगणार नाही; ज्याने त्याने आपला कागद आपण मांडावा.

पण हिशेबाने सुटला तो धोक्याचा प्रश्न. मनाचा प्रश्न राहिलाच. चांदीच्या मुठीच्या काठीला कंदील टांगावा तसे हे होणार होते. रस्त्यात समोरून दुसरी अशीच मोटार आली की तिचा चालक दोन बोटे उचलून सलाम करतो. हा या लोकांचा रिवाज आहे, आणि इतक्या वर्षांच्या परदेशातल्या वास्तव्यात कोणत्याही अनोळखी माणसाने मला इतक्या सहज आपल्यात घेतले नव्हते. मागे दोन सायकली लोंबत असताना ती बोटे उचलली जातील का? हसू नका. पन्नाशीनंतर मिळालेली मिरवण्याची वस्तू माणूस फार जपतो.

या माझ्या मानापमानाच्या कल्पनेला धक्का दिला तो शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी. चाळीस वर्षे त्यांनी यंत्रशाळेत लेथवर काम केलेले, वय ऐंशीच्या घरात. हिचची पेटी घरी आली त्या संध्याकाळी ते कुंपणाशी उभे होते. मी आपली शंका बोलून दाखविली. तेव्हा ते म्हणाले, “आजीला पाठीवर घ्यायला नातवाला लाज कशाला वाटावी?”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. मोटार ही सायकलीच्याच वंशातली. १८८६ साली कार्ल बेंझने जिचे पेटंट घेतले त्या पहिल्या तीनचाकी मोटारीची चाके सायकलीच्या चाकांसारखीच तारांच्या आऱ्यांची होती. हेन्री फोर्डने १८९६ साली डेट्रॉइटमध्ये आपली पहिली गाडी रस्त्यावर आणली ती सायकलीच्या चार चाकांवर. हवा भरलेली धाव डनलॉपने १८८८ साली बेलफास्टमध्ये बनविली ती मोटारीसाठी नव्हे. मुलाच्या तीनचाकी सायकलीला धक्के बसू नयेत म्हणून. पेजो, ओपेल, रोव्हर ही नावे मोटारींवर येण्याआधी सायकलींवर होती. गुळगुळीत रस्त्यांची मागणी अमेरिकेत प्रथम मोठ्याने केली तीही सायकलवाल्यांनी. त्यांचा संघ १८८० सालचा, तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. आणि आमच्या मोटारीची जी खरी ऐट, वळणावर मागचे एक चाक जलद आणि एक सावकाश फिरून ती जी लीलेने वळते, ती ज्या दातेरी रचनेमुळे, तिचे इंग्लंडात पेटंट घेतले जेम्स स्टार्ली याने १८७७ साली. कशासाठी, तर दोन माणसांनी शेजारी शेजारी बसून चालवायच्या सायकलीसाठी! शेजारच्या माणसाचे पाय अधिक जोरकस असले तर गाडी वाकडी जाते, ही त्याची अडचण होती. म्हणजे जिच्या जोरावर मी एकट्याने वळणे घेण्याची स्वप्ने पाहिली, ती युक्ती मुळात जोडीने फिरणाऱ्यांसाठी शोधलेली.

शनिवारी आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे मी, पत्नी आणि ते शेजारी. त्यांनी आपले पाने आणि जॅक आणले. प्रथम मागचा बंपर उतरवायचा. बंपर बंपर म्हणून आपण ज्याला म्हणतो तो वस्तुतः प्लास्टिकचा एक मुखवटा असतो; चाकांच्या कमानीतले काही स्क्रू डिसमिसने काढले, प्लास्टिकच्या खुंट्या उपटल्या, आणि कडेने धीराने ओढले की तो सालीसारखा सुटून येतो. शेवटची खुंटी सुटताना जो कडाड आवाज होतो तो ऐकून मोटारीच्या धन्याचे काळीज एकदा थांबते. पण शेजारी म्हणाले की तो तसाच व्हायचा असतो. मुखवट्याच्या आत काय दिसावे? फेसाळ पांढऱ्या थर्माकोलसारखा एक ठोकळा, त्यामागे धातूची एक साधी तुळई आणि दोन्ही बाजूंना सांगाड्याच्या पोकळ पेट्या. रंग नाही, डौल नाही, कुठे चिखल, कुठे वाळलेले पान. बाहेरून राजपुत्र दिसणारी ती मोटार आतून इतर मोटारींसारखीच होती. मला ते पाहून, का कोण जाणे, तिच्याविषयी अधिक आपलेपणा वाटला.

सांगाड्याच्या पेटीत आतून बोल्ट कसा घालायचा, हे कोडे फार सुंदर रीतीने सोडविलेले असते. पेटीला हात जाईल एवढे तोंड नसते. म्हणून टोकाला स्प्रिंगसारखे वेटोळे असलेली एक तार भोकातून आत ढकलून दुसऱ्या मोठ्या भोकातून बाहेर काढायची. त्या वेटोळ्यात चौकोनी चकती ओवून बोल्ट पिळायचा, आणि मग तार अलगद मागे ओढायची. पेटीच्या अंधारातून बोल्ट वाट काढीत येतो आणि नेमक्या भोकातून डोके वर काढतो. मला हे एकदाही साधेना. तिसऱ्यांदा बोल्ट आत पडून खडखडला तेव्हा पत्नी म्हणाली, “सरा बघू. नाडी ओवायचं काम आहे हे.” आणि लेंग्यात नाडी घालताना आत बोटांनी चाचपत पुढे सरकवतात तसे करून तिने चारही बोल्ट दहा मिनिटांत ओवले. यंत्रशाळेत चाळीस वर्षे घालविलेल्या माणसाने टोपी काढून तिला अभिवादन केले.

हिच वजनाला पंचवीस-तीस पौंडांचा. दोघांनी तो खालून उचलून धरला, तिसऱ्याने नट हाताने चढविले, आणि मग मापाच्या पान्याने पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत आवळले. तो आकडा आला की पाना हातात टक् करून सांगतो. सैल राहिला तर नट सुटतो हे सर्वांनाच कळते; पण प्रमाणाबाहेर आवळला तर बोल्ट ताणला जाऊन तुटतो, हे उत्साही माणसांना कळत नाही. शेजाऱ्यांनी प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. पुढे नट फिरला तर रेघ मोडेल आणि लगेच दिसेल.

आता राहिले ते एकच काम, आणि त्याला मी सकाळपासून भीत होतो. नळीचे तोंड बाहेर यावे म्हणून बंपरच्या मुखवट्याला खालच्या कडेला एक चौकोन कापायचा होता. कागदी आकृती चिकटवून मी खुणा केल्या. करवतीचे पाते हातात घेतले आणि थांबलो. आजवर जे जे केले ते पुन्हा सोडविता येण्यासारखे होते; बोल्ट काढले की मोटार पूर्ववत. कापलेले मात्र भरून येत नाही. मोटार विकायला काढली तर घेणारा पहिल्यांदा तेच पाहील. पत्नी काही बोलली नाही. ती ओट्याच्या पायरीवर बसून उजवा पाय लांब करून गुडघा चोळीत होती. सकाळपासून खाली-वर करून तो दुखत असावा. मी पाते चालविले. प्लास्टिक लोण्यासारखे कापले जाते. कानशीने कडा साफ केल्या, चौकोन तळहातावर मावेल एवढा निघाला. तो मी टाकून दिलेला नाही. मेजाच्या खणात आहे.

रॅक कोणता घ्यावा यावर मी फार लिहीत नाही. सायकली दांडीला लटकविणारे रॅक हलके असतात, पण ज्या सायकलीला वरची दांडीच नाही तिला लटकवायची कशी? म्हणून आम्ही चाके खाली ठेवून उभ्या करायच्या तबकांचा घेतला. त्याची उंची गुडघ्याएवढी. उचलायचे ओझे कमी. बारीकसारीक गोष्टी अनुभवाने कळल्या. धुराच्या नळीसमोर सायकलीचे चाक येऊ देऊ नये, गरम वाऱ्याने टायर खराब होते. नळीत रॅकचा दांडा किंचित डुलतो आणि खड्ड्यात खडखडतो. तो आवळण्याचा एक बोल्ट असतो, तो विसरू नये. नंबराची पाटी आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना हे पाहावे, नाहीतर पोलीस पाहतो. आमच्या दारातला उतार ओलांडताना मोटार सरळ काढली तर रॅक जमिनीला घासतो. तिरपी काढली तर घासत नाही. आणि मोटार मागे घेताना मागचा इशारा सारखा ओरडतो, कारण त्या बिचाऱ्या यंत्राला वाटते की कोणीतरी अगदी जवळ उभे आहे.

मोटार चालविणे मात्र बदलले. आरशात आता रस्ता दिसत नाही, दोन सायकलींच्या आऱ्या दिसतात आणि त्यांतून तुकड्यातुकड्याने रस्ता. हात आपोआप सैल पडतात, वळणाआधीच पाय वेग कमी करतो. पहिल्याच रविवारी समोरून एक निळी मोटार आली, अगदी आमच्या मोटारीची बहीण. तिच्या चालकाने दोन बोटे उचलली. मग बाजूने जाताना त्याची नजर मागे गेली, आणि तो हसला. ते हसू कसले होते ते मी सांगू शकत नाही. पण पेट्रोल भरायला थांबलो तेथे एक तरुण जवळ आला. त्याची मोटार तीच होती आणि त्याच्या बायकोलाही सायकल हवी होती. मी त्याला वाकून हिच दाखविला, पांढऱ्या रेघा दाखविल्या, पुस्तिकेतले वाक्यही सांगितले. इतका वेळ मोटारीच्या पोटाखाली डोके घालून दोन पुरुष बोलत राहिले, की पत्नीला खाली उतरून आठवण करून द्यावी लागली.

ग्रिग्जटाउनजवळ कालव्याच्या काठी खेचरे हाकणाऱ्यांची जुनी वस्तीची इमारत अजून उभी आहे. कालव्याच्या सुरुवातीच्या काळात नावा ओढल्या जात त्या खेचरांकडून. लांब दोर, एका टोकाला नाव आणि दुसऱ्या टोकाला या काठावरून चालणारी जनावरे. ज्या वाटेवर आता आम्ही सायकली फिरवितो ती त्यांच्याच खुरांची. पत्नी पहिल्या दिवशी दोन मैल गेली आणि परत आली. तिसऱ्या आठवड्यात पाच. सप्टेंबरमध्ये आम्ही ग्रिग्जटाउनहून निघून किंग्स्टनपर्यंत गेलो, तेव्हा ती माझ्यापुढे शंभर पावले होती आणि काही केल्या ते अंतर मला तोडता येत नव्हते. पाण्याच्या काठावर कासवे ओळीने उन्हात बसली होती. ती घंटी वाजवीत होती. वाटेत कोणी नसताना.

हिवाळ्यात मी रॅक काढून गॅरेजमध्ये भिंतीला लावला, खुंटीला ग्रीस लावले आणि नळीच्या तोंडाला रबराचे बूच बसविले. बूच बसले की कापलेला चौकोन फारसा दिसत नाही. आता नवा पेच निराळाच आहे. पत्नीची धाकटी बहीण मे महिन्यात पुण्याहून दोन महिन्यांसाठी यायची आहे, आणि दोघी बहिणींचे दूरध्वनीवर ठरून गेले आहे की तिघांनी कालव्यावर जायचे. तिसऱ्या सायकलीसाठी रॅकला जोडायचा तुकडा मिळतो, पण तो सायकलीला आणखी फूटभर मागे नेतो. मी पुन्हा कागद घेऊन बसलो आहे. वजन शिक्क्याच्या आत बसते. तरफ मात्र मला आवडत नाही. आणि मेहुणीचे पाय कोठे ठेवायचे, या प्रश्नाचे उत्तर हिशेबात अजून आलेले नाही.